लेसर यायच्या आधीच गॅप फुटतो, काय करू?

प्रश्न: सर नमस्कार, मी बेळगावात एम.टेक. करते. प्रोजेक्टला लेसरने ट्रिगर होणारा स्पार्क गॅप केलाय, म्हणजे फटीत ठिणगी पडली (गॅप फुटला) की चालू होणारा हाय व्होल्टेजचा स्विच. पितळेचे सहा सेंटीमीटरचे दोन गोळे उद्यमबागेत टर्न करून घेतले, मधे १२ मिलिमीटरची फट, सगळं उघड्या हवेत, आणि एका गोळ्याच्या भोकातून एनडी-याग लेसर, १०६४ नॅनोमीटरचा, आत सोडतो. कपॅसिटरचं चार्जिंग ३० किलोव्होल्ट (केव्ही). उन्हाळ्यात बरं चाललं होतं पण पाऊस लागल्यापासून दहातले दोन-तीन शॉट लेसर यायच्या आधीच फुटतात, आणि कधी लेसर पडूनसुद्धा गॅप गप्पच. लेसरची एनर्जी वाढवू का? – वाचक, टिळकवाडी

उत्तर: अजून नको. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोन्हीला एकच औषध शोधताय. आधीच फुटतो तेव्हा लेसर तिथं पोचलेलाच नसतो, मग त्याची एनर्जी वाढवून तो थांबेल कसा?

आधी लेसर बंद ठेवून नुसतं व्होल्टेज हळूहळू चढवा, गॅप आपणहून किती केव्हीला फुटतो (याला सेल्फ-ब्रेक म्हणतात) ते ५० वेळा वहीत लिहा. गोळे नवे असतील तर सुरुवातीचे बरेच शॉट विस्कळीतच येणार, ते सोडून द्या. मग सरासरी नको, सगळ्यात खालचा आकडा बघा, तुमचं चार्जिंग त्याच्याही खाली पाहिजे. पुस्तकातल्या तक्त्यात एवढ्या गोळ्यांना १२ मिलिमीटरला साधारण ३७ केव्ही दिसेल, म्हणजे तुम्हाला वाटतंय आपण ८० टक्क्यांवर आहोत. पण तो तक्ता समुद्रसपाटीचा हो! आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथली हवा ८-१० टक्के विरळ, तर तोच गॅप ३३-३४ केव्हीलाच फुटणार. म्हणजे तुम्ही ९० टक्क्यांच्या आसपास बसलाय. त्यात भोकाची कड धारदार असेल तर तिथं फील्ड दाटतं आणि आकडा आणखी खाली येतो. लेथवाल्याला सांगून कडेला गोलाई द्या, पॉलिश करा, आणि बोटांचे ठसे राहू देऊ नका.

आता पावसाचं. आपल्याकडं जून-जुलैत भिंतीसुद्धा ओल्या लागतात, तशीच ओल गोळे धरणाऱ्या इन्सुलेटरवर बसते, वर धूळ चिकटते, मग करंट फट सोडून पृष्ठभागावरून वाट काढतो. म्हणून गॅप बंद डब्यात घ्या आणि कोरडा नायट्रोजन भरा. एकूण दोन बार प्रेशर ठेवलंत तर त्याच व्होल्टेजला फट जवळपास निम्मी पुरते, म्हणजे इंडक्टन्सही (करंट झटकन चढायला होणारा विरोध) कमी. डबा मात्र प्रेशरला टेस्ट केलेलाच पाहिजे, साधं अॅक्रिलिक चिकटवून करू नका. दोन शॉटच्या मधे गॅस बदलत राहा, उरलेली धातूची धूळ पुढच्या शॉटला नडते. एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड, हा इन्सुलेशनचा गॅस) च्या नादाला लागू नका, १०० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजार पटींहून जास्त तापवतो आणि स्पार्कमधे त्याचे विषारी तुकडे होतात, ओलीत तर हायड्रोजन फ्लोराइड बनून काच खातो.

आणि लेसर पडूनही गप्प? एनर्जी लेसरच्या तोंडाशी मोजू नका, खिडकीच्या काचेपलीकडं मोजा. दर शॉटला उडालेलं पितळ काचेवर बसतं, काच काळवंडते, फोकसला पोचतं ते अर्धंमुर्धं. समोरच्या गोळ्यावर फोकस करत असाल तर कमी एनर्जीत काम होतं पण तिथं खड्डा पडतो आणि फोकसची जागा सरकते, म्हणून गोळा मधूनमधून फिरवा. टायमिंग फ्लॅशलँपवरून (लेसरच्या आतला दिवा) नको, गॅपजवळ फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर) लावून लेसर आला कधी आणि करंट सुरू झाला कधी ते बघा, खरा जिटर, म्हणजे दर शॉटला वेळेत पडणारा फरक, तिथं कळतो.

यातली गोम अशी की व्होल्टेज सेल्फ-ब्रेकच्या जवळ नेलं की जिटर कमी होतो आणि लांब नेलं की प्रीफायर (लेसरच्या आधीच फुटणं) कमी होतो, दोन्ही हवं असेल तर सेल्फ-ब्रेकचे आकडे एकमेकांना चिकटून यायला हवेत, आणि ते कोरडा गॅस आणि गुळगुळीत गोळे यातूनच येतं. आणि हो, १०६४ चा गॉगल लावल्याशिवाय खोलीत जायचं नाही, तो उजेड डोळ्याला दिसतच नाही. कपॅसिटर अर्थिंग रॉडनं डिस्चार्ज केल्याशिवाय हातही लावायचा नाही.

प्रश्न: एवढा लेसरचा खर्च कशाला, स्पार्क प्लगसारख्या ट्रिगर पिननं होत नाही का? – वाचक, खानापूर

उत्तर: होतं की, त्याला ट्रायगाट्रॉन म्हणतात आणि एकाच गॅपला तेच परवडतं. पण लेसरची वायर हाय व्होल्टेजला जोडावी लागत नाही, हा मोठा फायदा. अमेरिकेतल्या सँडिया लॅबच्या झेड मशीनला (प्रचंड विजेचे झटके देणारं संशोधनाचं यंत्र) असे ३६ गॅस स्विच लेसरनं फायर होतात, सगळे अब्जांश सेकंदांच्या हिशोबात जुळवून. एवढ्या मेगाव्होल्टच्या स्विचला प्रत्येकी पिन आणि तिची वायर जोडायची म्हटलं तर अवघड होतं.