'मिनिएचर' कुत्रा: नाव, माप की नुसतं विशेषण?

देवगडहून एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या दिरांनी रत्नागिरीतल्या एका दुकानातून पिल्लू आणलं. पावतीवर 'मिनिएचर पॉमेरेनियन, टीकप' असं लिहिलंय. दीर म्हणतात ही अधिकृत जात आहे, मिनिएचर पिन्शर असतो तसा मिनिएचर पॉमेरेनियन. माझी मुलगी म्हणते, असं काही नसतं. खरं कुणाचं? 'मिनिएचर'ला मराठीत काय म्हणायचं, लघु, ठेंगू की खुजा? आणि 'मिनी' बरोबर की 'मिनि'?"

या पिल्लापुरतं बोलायचं तर मुलीचं खरं. मिनिएचर पिन्शर असतो हे दिरांचं म्हणणं बरोबर आहे, पण तेवढ्यावरून मिनिएचर पॉमेरेनियन सिद्ध होत नाही. 'मिनिएचर' हा शब्द कुत्र्यांच्या जगात कुठे नावाचा भाग असतो, कुठे मापाचा गट असतो आणि कुठे नुसतं दुकानदाराचं विशेषण. पावतीवर तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोळ होतो.

पण त्याआधी 'अधिकृत'चा निकाल लावू. अधिकृत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी शिक्का येतो. सरकारी नोंद आहे, नाही असं नाही. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे आणि मुधोळ हाउंड, राजपालयम, चिप्पीपराई अशा देशी जातींची नोंद त्याच्याकडे झाली आहे. विलायती जातींचा मामला वेगळा. त्या ठरवतात केनेल क्लब, म्हणजे हौशी आणि जाणकार लोकांनी चालवलेल्या खाजगी संस्था. ब्रिटनचा क्लब १८७३चा, अमेरिकेचा १८८४चा. बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली एफसीआय ही १९११ साली निघालेली आंतरराष्ट्रीय संघटना. आपला केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, चेन्नईत आहे. प्रत्येक मान्य जातीचं एक लेखी वर्णन असतं, त्याला 'स्टँडर्ड' म्हणतात. उंची किती, कान कसे, रंग कोणते चालतात, काय दिसलं तर दोष धरायचा, सगळं त्यात. त्यामुळे 'अधिकृत आहे का' याला खरा प्रतिप्रश्न 'कुणाच्या दप्तरी?' हाच. एका क्लबाकडे असलेली जात दुसऱ्याकडे नसते, असं सर्रास होतं.

आपल्या जाहिरातींत आणखी एक गल्लत असते. 'मान्यताप्राप्त पिल्लू' असं लिहितात. मान्यता मिळते जातीला. पिल्लाची होते ती नोंदणी. 'विथ पेपर' म्हणतात तो कागद नोंदणीचा. त्यावर जातीचं नाव, आई-बापाची नावं, नोंदणी क्रमांक, मायक्रोचिपचा क्रमांक असतो. 'टीकप', म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं, असा रकाना त्या कागदावर नसतो. दिरांच्या हातात जी आहे ती पावती, आणि पावतीवर दुकानदार काय वाटेल ते लिहू शकतो.

आता शब्दाचं पहिलं काम, नाव म्हणून. मिनिएचर पिन्शर याला आपल्याकडे बिनदिक्कत 'मिनी डॉबरमॅन' म्हणतात. मालवणपासून चिपळूणपर्यंत हेच ऐकू येतं, आणि कुत्रं दिसतंही तसंच: काळं-तपकिरी, तुकतुकीत, स्वतःला वाघ समजणारं. पण डॉबरमॅन ही जात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान या कर गोळा करणाऱ्या माणसाने जर्मनीत आपोल्डा गावी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे घडवली. लहान पिन्शर त्याच्या आधीपासूनच तिथे घरोघरी उंदीर मारत होता. म्हणजे हा डॉबरमॅनची छोटी आवृत्ती नव्हेच. वयाने थोरला आहे. जर्मनमध्ये तो 'ज्वेर्गपिन्शर', ज्वेर्ग म्हणजे बुटका. उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन ४ ते ६ किलो. इथे 'मिनिएचर' हा शब्द नावातून काढता येत नाही. काढलात तर उरतो नुसता पिन्शर, आणि ती ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीची वेगळीच जात आहे.

श्नाउझरचंही तसंच. एफसीआयच्या यादीत जायंट, साधा आणि मिनिएचर या तीन स्वतंत्र जाती आहेत, क्रमांकही वेगळे: १८१, १८२, १८३. मिनिएचर बुल टेरियर आधी बुल टेरियरच्याच पोटात होता, २०११ साली एफसीआयने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला. मिनिएचर अमेरिकन शेफर्डची गोष्ट तर भाषेच्या माणसाने चघळत बसावी अशी. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकाच्या अखेरीस लहान चणीचे ऑस्ट्रेलियन शेफर्ड निवडून ही ओळ तयार झाली. लोक तिला 'मिनी ऑसी' म्हणायचे. अमेरिकन क्लबाने २०१५ साली पूर्ण मान्यता दिली तेव्हा नावातलं 'ऑस्ट्रेलियन' गेलं आणि 'अमेरिकन' आलं. मूळ जातीचं नाव छोट्याला वापरू द्यायचं नाही, हा त्या जगातला जुना हट्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी शेटलंड बेटांवरच्या छोट्या मेंढपाळी कुत्र्याला ब्रिटनमध्ये 'शेटलंड कोली' म्हणून घेतलं, तर मोठ्या कोली जातीवाल्यांनी आरडाओरडा केला आणि त्याला 'शेटलंड शीपडॉग' व्हावं लागलं. आजही लोक त्याला 'मिनी कोली'च म्हणतात, ते निराळं.

दुसरं काम मापाच्या गटाचं. जात एकच, आत मापाचे कप्पे. पूडल हे ठळक उदाहरण. एफसीआयकडे त्याचे चार कप्पे आहेत, अमेरिकन क्लबाकडे तीन: १० इंचांपर्यंत टॉय, त्यापुढे १५पर्यंत मिनिएचर, त्याहून उंच तो स्टँडर्ड. तिन्ही पूडलच. डॅशहंड आणखी गमतीचा. त्याची उंची मोजून काय मिळणार? एफसीआयच्या पद्धतीत कुत्रं सव्वा वर्षाचं झालं की पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती टेप फिरवतात, आणि त्या घेरावरून ते स्टँडर्ड, मिनिएचर की 'रॅबिट' हे ठरतं. रॅबिट म्हणजे सशाच्या बिळात शिरू शकेल एवढं. अमेरिकेत हाच निवाडा तराजूवर होतो: वर्षभराचं कुत्रं ११ पौंडांच्या आत असेल तर मिनिएचर. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. निवाडा वाढ पुरी झाल्यावर होतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला मिनिएचर ठरवून मोकळं होणं हे फक्त दुकानात घडतं.

आता तुमचा पॉमेरेनियन. एफसीआयच्या हिशेबात तो जर्मन स्पिट्झ या जातीचा सगळ्यांत लहान कप्पा आहे: १८ ते २४ सेंटिमीटर. म्हणजे 'टॉय पॉमेरेनियन' किंवा 'मिनिएचर पॉमेरेनियन' म्हणजे गाईचं गोमूत्र. त्यातही विनोद असा की त्याच स्पिट्झमध्ये 'मिनिएचर' नावाचा कप्पा खरोखर आहे, पण तो पॉमेरेनियनच्या वरचा, २४ ते ३० सेंटिमीटरचा. शब्दशः धरलं तर दुकानदाराने तुम्हाला मोठं कुत्रं कबूल केलंय!

मग हे विशेषण चिकटलं कसं? याचं उत्तर आपल्याच पडवीत आहे. कोकणातल्या घरांत वर्षानुवर्षं जो पांढरा, केसाळ, टोकदार तोंडाचा 'पामेरियन' वाढला, मे महिन्यात मुंबईहून चाकरमान्यांबरोबर आला आणि कायमचा आजीकडे राहिला, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ होता. नात्यातलाच, पण मापाने मोठा. 'पॉमेरेनियन' हे नाव त्याने आधीच बळकावलेलं असल्यामुळे खरा पॉमेरेनियन बाजारात आला तेव्हा त्याला वेगळं दाखवायला शब्द हवा होता. मग 'टॉय पॉम', 'मिनी पॉम', 'कल्चर पॉम' असं पीक आलं. 'कल्चर पॉम' तर अस्सल भारतीय बाजारातलं नाव, कुठल्याही क्लबाच्या यादीत शोधून सापडणार नाही. शब्द म्हणून मला ही घडामोड आवडते. ग्राहक म्हणून आवडायचं कारण नाही.

तिसरं काम हेच, विशेषणाचं. 'टीकप'ला कुठलाच मोठा केनेल क्लब ओळखत नाही, पॉमेरेनियनसाठी नाही आणि यॉर्कशायर टेरियर किंवा चिवावासाठीही नाही. 'मिनी लॅब्राडोर', 'मिनी गोल्डन', 'मिनी हस्की' हीही यादीबाहेरची नावं. बहुतेकदा त्यामागे पूडल किंवा स्पॅनियलशी संकर असतो. 'पॉकेट' या शब्दाला मात्र एक अपवाद आहे. अमेरिकन बुलीची जी मूळ संघटना आहे, एबीकेसी, तिच्या मापाच्या गटांत 'पॉकेट' हा रीतसर गट आहे. पण तीच जात २०१३ साली मान्य करणाऱ्या युनायटेड केनेल क्लबाने असे गट केलेच नाहीत. 'कुणाच्या दप्तरी?' ते यासाठी. पॉकेट बीगलची इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला हौस होती. पण आज त्या नावाला मान्यता नाही.

जातीच्या लेखी स्टँडर्डमध्ये खालचीही मर्यादा असते, हे विकणारा सांगत नाही. १८ सेंटिमीटरखालचा पॉमेरेनियन एफसीआयच्या लेखी अधिक दुर्मीळ ठरत नाही, तो मापात बसत नाही एवढंच. फार बारक्या पिल्लांत रक्तातली साखर एकदम उतरते, गुडघ्याची वाटी सरकते, टाळू भरायची राहते. कोकणात आणखी एक व्यवहार आहे: बिबट्या ओटीवरून कुत्रं उचलतो, तेव्हा दोन किलोचं कुत्रं रात्री घरात घ्या. आणि पिल्लू 'मिनिएचर' दिसतंय की नुसतं फार कोवळं आहे हे बघा. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.

आता मराठी शब्द. इथे मराठीची गंमतशीर अडचण आहे. लहानपणा दाखवायला आपण वस्तूला ईकार लावतो: डबा-डबी, सुरा-सुरी, दोर-दोरी, गाडा-गाडी. जिवंत प्राण्याला तोच ईकार लावला की मादी होते. कुत्री म्हणजे लहान कुत्रा नव्हे. नपुंसकात नेलं तर कुत्रं, त्यात एक तर मोघमपणा येतो नाहीतर तुच्छता. तेव्हा प्रत्ययाने भागत नाही, विशेषणच लागतं. मालवणीत 'बारको कुत्रो' म्हणून विषय संपतो, पण बारको हा वयानेही असतो आणि मापानेही.

तुमच्या तीन शब्दांपैकी 'लघु' मला पटत नाही. लघुउद्योग, लघुकथा, लघुचित्र ठीक. 'लघु श्नाउझर' म्हणजे सरकारी योजना वाटते. 'मिनिएचर' हा शब्द लघुचित्रांवरूनच आला, हे खरं. पण त्याच्या मुळाशी लहानपणा नाहीच. लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांत शेंदराने अक्षरं आणि चित्रं रंगवत त्यावरून मिनिएचर; चित्रं लहान असायची म्हणून पुढे अर्थ 'लहान' झाला.

'ठेंगू' आणि 'खुजा' यांत फरक करायला हवा, आणि तो तुम्हाला माडांवरून लगेच कळेल. बाणवली हा उंच माड, ऑरेंज डॉर्फ हा ठेंगू. ठेंगूपण त्याच्या वाणातच आहे, म्हणून त्याला नाव आहे आणि नारळ रुजवला की ठेंगूच येतो. परसात पाण्याविना खुरटलेला बाणवली ठेंगू होत नाही, तो खुरटाच. कुत्र्यांतही असंच. काही जाती सगळ्याच अंगाने लहान असतात; त्यांच्या मापाशी संबंधित आयजीएफ-१ हे जनुक २००७ साली पुढे आलं. काहींचं धड नेहमीचं आणि पायच आखूड, जसा डॅशहंड. तिथे २००९ साली एफजीएफ-४ या जनुकाची जास्तीची प्रत सापडली. आणि जर्मन शेफर्डमध्ये क्वचित पिट्यूटरी ग्रंथीच्या बिघाडाने वाढच थांबलेलं पिल्लू जन्मतं, पिल्लाचीच लोकर अंगावर ठेवून लहानच राहतं. तो आजार आहे. हौशी लोक त्याला 'मिनी जर्मन शेफर्ड' म्हणून फोटोत मिरवतात. इंग्रजीत हे सगळं सरसकट मिनिएचर म्हणून खपून जातं. मराठीत तीन शब्द हाताशी आहेत: लहान चणीचा, आखूड पायांचा, खुरटलेला. 'खुजा' यांतल्या शेवटच्याच्या जवळ जातो, त्यात हेटाळणीही आहे. म्हणून तो निरोगी कुत्र्याला लावू नये. 'ठेंगू' झाडांपाशीच शोभतो.

तेव्हा मी असं लिहीन: जात असेल तर नाव आहे तसं, 'मिनिएचर श्नाउझर', 'मिनिएचर पिन्शर', नावाचं भाषांतर करायचं नाही. मापाचा गट असेल तर 'पूडल, मिनिएचर गट'. बाकी सगळीकडे 'लहान चणीचा'. तुमच्या पावतीवर नुसतं 'पॉमेरेनियन' पुरलं असतं, तेही आई-बाप पाहिल्यावर.

राहिलं 'मिनी'. मराठीत शेवटचा इकार दीर्घ, म्हणून सुटा शब्द 'मिनी', मिनीबसमध्येही तोच. 'मिनिएचर'मध्ये 'नि' शेवटचा नाही, तो ऱ्हस्व. 'मिनीएचर' लिहू नये. बोलताना 'मिनिचर' झालं तर चालेल, सगळेच म्हणतात.