अडीच लाख आणि अठरा महिने

दर्यापूर तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलं आहे. बहिणीचं लग्न २०१६ साली अकोट तालुक्यात झालं. ऑगस्ट २०२२ पासून ती मुलीला घेऊन माहेरी आहे. गावच्या तंटामुक्त समितीपुढे दोन्हीकडची माणसं बसली, चार लाखांवर मिटलं, स्टॅम्पपेपरवर लिहून झालं, नोटरीचा शिक्काही बसला. दीड लाख रोख मिळाले. मग ८ जुलै २०२४ ला संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज कोर्टात लागला. कागदात ओळ आहे : ‘उर्वरित अडीच लाख दुसऱ्या तारखेच्या वेळी.’ ती दुसरी तारीख अजून झालेलीच नाही. कधी जावई येत नाहीत, कधी न्यायाधीशांची जागाच रिकामी. आता जावई म्हणतात, कापसाचा चुकारा झाला, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे हातात आले, की संक्रांतीनंतर सगळं करून टाकू. इकडे बहिणीला स्थळ आलं आहे आणि ‘साक्षगंध (साखरपुडा) उरकून घ्यायचं का’ असा भावाचा प्रश्न आहे.

गावांची नावं बदलून हेच पत्र मला महिन्यातून दोनतीनदा येतं.

भाऊ, स्टॅम्पपेपरवरच्या फारकतीने घटस्फोट होत नाही, हे परत लिहीत बसत नाही. तुम्हाला ते कळलं म्हणूनच तुम्ही कोर्टात गेलात. साक्षगंधाचंही थोडक्यात सांगते : आता नको. कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा नसताना लग्न लागलं तर ते कायद्याने लग्नच नाही, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तक्रार करायला जावई टपलेलेच असतील आणि अडीच लाख बुडवायला त्यांना याहून सोपी वाट सापडायची नाही.

आता मुद्द्याचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये दोन टप्पे आहेत. पहिल्यांदा दोघं अर्ज करतात. त्यानंतर सहा महिने झाल्यावर, पण अर्ज दाखल झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी मिळून पुन्हा कोर्टाला सांगायचं की आम्हाला अजूनही घटस्फोट हवा आहे. पहिला आकडा सगळ्यांना पाठ असतो, दुसरा कुणी मोजतच नाही. तुमचा अर्ज ८ जुलै २०२४ चा. बोटांवर मोजा. ८ जानेवारी २०२६ ला मुदत संपते. संक्रांत १४ जानेवारीला आहे.

जावयांनी ‘संक्रांतीनंतर’ हे सहज म्हटलं असेल, किंवा त्यांना कुणी मोजून दिलं असेल. मला त्यांच्या मनातलं कळत नाही आणि तुम्हीही त्यात वेळ घालवू नका. खरी गडबड तुमच्या कागदातल्या त्या एका ओळीत आहे. पैसे ‘दुसऱ्या तारखेच्या वेळी’ द्यायचे, पण ती तारीख कोणती हे कुठे लिहिलंच नाही. म्हणजे जो माणूस तारखेला येत नाही त्याच्यावर पैसे देण्याची वेळही येत नाही. दार त्यांचं आणि कुलपाची किल्लीही त्यांच्याकडेच. समितीतल्या मंडळींना दोष देत नाही. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाल्यापासून पोलीस ठाण्याची पायरी चढायच्या आत मिटलेली कितीतरी भांडणं मी पाहिली आहेत आणि तुमच्याकडेही दोन्ही घरांना एका सतरंजीवर बसवण्याचं अवघड काम त्यांनी केलं. पण ती ओळ लिहून झाल्यावर तिथे बसलेल्यांपैकी एकानेही ‘आणि ते आलेच नाहीत तर?’ असं विचारू नये?

‘ते येत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत, म्हणजे संमती आहेच ना,’ असं तुम्ही लिहिता. नाही. स्मृती पहाडिया विरुद्ध संजय पहाडिया या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे : हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकलेली दिसली पाहिजे, आणि एक पक्ष गैरहजर राहिला म्हणून त्याची संमती गृहीत धरता येत नाही. अठरा महिने उलटल्यावरही जुन्या अर्जावर काही करता येतं का, यावर वेगवेगळ्या कोर्टांची वेगवेगळी मतं आहेत. वकील मंडळी त्यावर तासभर बोलतील. तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

म्हणून पहिलं काम उद्याच्या उद्या. ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा ओळख क्रमांक, टाकून अर्ज जिवंत आहे का ते बघा. दोन्ही पक्ष गैरहजर राहिले म्हणून अर्ज निकाली निघाला आणि घरी सहा महिने कुणाला पत्ता नाही, असं होतं. अर्ज जिवंत असेल तर ८ जानेवारीच्या आत दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दाखल झाली पाहिजे. हुकूमनामा त्याच दिवशी निघाला नाही तरी चालेल, मागणी मुदतीत नोंदली गेली पाहिजे. न्यायाधीशांची जागा रिकामी असली तरी कुणाकडे तरी प्रभार असतो. नाताळच्या सुट्टीचे दिवसही आधीच वजा करा. कोर्टांच्या संथपणाबद्दल मी पंचवीस वर्षं बोटं मोडते आहे, पण तुमच्या सोळा महिन्यांतल्या पेरणीच्या आणि वेचणीच्या तारखा तुम्हीच मागून घेतल्यात, त्या माझ्या हिशेबात कोर्टाच्या खात्यावर जात नाहीत.

त्याच पुरसीसमध्ये ती ओळ दुरुस्त करा. रक्कम किती, डीडीने कोणत्या तारखेपर्यंत कोर्टात जमा करायची, आणि जबाब झाल्यावर ती बहिणीला मिळेल, एवढं त्यात असू द्या. चुकारा जानेवारीत होणार असेल तर जावयांनी सोसायटीतून काढावेत, नातेवाइकांकडून घ्यावेत, तो त्यांचा प्रश्न. अडीच लाख एकदम जमत नसतील तर दोन हप्ते मान्य करा, पण शेवटचा हप्ता बहिणीचा जबाब व्हायच्या आधी कोर्टात पडलेला असावा.

आणि आता पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही जे बारीक अक्षरात लिहिलंय त्याबद्दल. पोटगीची केस पहिल्याच तारखेला, ‘विश्वासावर’, काढून घेतली. का? तुमच्याकडे तेवढं एकच हत्यार होतं आणि पैसे हातात पडायच्या आत तुम्ही ते समोरच्याच्या ओसरीवर ठेवून आलात. ती केस पुन्हा करता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, तुमच्याच तालुक्याच्या कोर्टात, कारण बहीण आणि भाची तिथे राहतात. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. म्हणजे पडून राहिलेला एकेक महिना गेला तो गेलाच. जावई म्हणतील, ‘आपण संमतीने वेगळे राहतो असं तुम्हीच लिहून दिलंय, मग पोटगी कसली?’ त्या कलमात तशी तरतूद आहे आणि बहिणीच्या बाबतीत मॅजिस्ट्रेट ती किती लावतील हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ती तरतूद पत्नीपुरती आहे, मुलीला लागत नाही. तुमच्या फारकतीत ‘मुलीच्या पोटगीचा हक्क सोडला’ असंही एक वाक्य आहे. आईला मुलीचा हक्क सोडता येत नाही, आणि मामाला तर नाहीच. तेव्हा अर्जात भाचीचं नाव आवर्जून घाला. पुढे तडजोड झालीच तर पोटगीचा भाग लोकअदालतीत नोंदवून घ्या. लोकअदालत घटस्फोट देत नाही, पण तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो आणि त्यावर अपील नसतं.

समजा ८ जानेवारी गेलीच. तर आकाश कोसळत नाही. संमतीचा नवा अर्ज करता येतो. दोघं २०२२ पासून वेगळे राहतात, त्यामुळे पैशाचं आणि मुलीचं सगळं आधीच मिटलेलं असेल तर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाचा आधार घेऊन सहा महिन्यांची वाट माफ करायला सांगता येतं. माफी द्यायची की नाही हे न्यायाधीशांच्या हाती. जावई सहीलाच तयार नसतील तर मात्र त्याग किंवा क्रूरता सिद्ध करत बसायचं, त्याला किती वर्षं लागतील ते विचारू नका.

वकिलाबद्दल. दोघांचा मिळून एकच वकील आहे आणि तो जावयांच्या काकांच्या ओळखीचा, असं दिसतं. संमतीच्या अर्जात एक वकील चालतो, पण समोरचा पाठ फिरवू लागला की तो वकील कुणाचा? तालुका विधी सेवा समितीत बहिणीला घेऊन जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो.

हे उत्तर वाचून मेळघाट, गडचिरोलीकडून फोन येतील म्हणून सांगते : गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागत नाही. तिथे रूढीने झालेल्या सोडचिठ्ठीचा विचार वेगळा होतो आणि रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. बौद्ध कुटुंबांना मात्र हाच कायदा लागतो.

शेवटचं, भाऊ. सहा पानी पत्रात बहिणीला काय वाटतं याची एक ओळ नाही. न्यायाधीश तिला उभं करून विचारतील, कुणाच्या दबावाखाली आहेस का? तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर असाल. पहिले दीड लाख ‘घरात खर्ची पडले’ असं तुम्ही लिहिलंय. तडजोड मोडली तर जावई त्याच दीड लाखांचा हिशेब मागतील, आणि मागतील तो बहिणीकडे. कशावर किती गेले ते लिहून ठेवा. तिच्या नावाचं बँक खातं नसेल तर या आठवड्यात उघडा. डीडीवर नाव तिचं घाला, तुमचं नाही.