मांडवातला कॅमेरा, चौकातली वॉल

प्रश्न : आमचा मांडव नारायण पेठेत गल्लीत आत आणि एलईडी वॉल बाहेर चौकात, अंतर साधारण २५० मीटर. गेल्या वर्षी कॅमेऱ्यापासून वॉलपर्यंत काळी एसडीआय केबल (डिजिटल व्हिडिओ नेणारी तांब्याची) ओढली, दुपारी टेस्टिंगला पिक्चर आलं आणि नेमकं आरतीला पांढरे ठिपके, मग सगळा पडदा काळा. यंदा व्हिडिओवाला म्हणतो फायबर टाका. उगाच बिल वाढवतोय का?
– एक कार्यकर्ता

उत्तर : नाही हो, तो बरोबर बोलतोय. एचडी-एसडीआय म्हणजे सेकंदाला १.४८५ गिगाबिट, ते तांब्याच्या चांगल्या केबलमधून सुद्धा साधारण १०० मीटरपर्यंतच धड जातं, तुम्ही अडीच पट ओढलीत, दुपारी चाललं तेच नवल! जुन्या अ‍ॅनालॉगमध्ये पिक्चर हळूहळू मुंग्यामुंग्यांचं व्हायचं, डिजिटलमध्ये तसं नाही, काठावर असेपर्यंत झकास आणि जरा घसरलं की एकदम अंधार.

फायबरमध्ये तेच बिट लेझरच्या प्रकाशाने काचेतून जातात. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सिंगल मोड (म्हणजे अगदी बारीक गाभ्याच्या, प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) काचेत किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल एवढीच गळती, त्यामुळे २५० मीटर म्हणजे काहीच नाही. दुसरं म्हणजे मांडव एका जनरेटरवर आणि वॉल दुसऱ्या मीटरवर असेल तर दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, तांब्याची केबल ते दोन्ही जोडते आणि मग भलतेच प्रॉब्लेम येतात. काचेतून करंट जातच नाही.

दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर लागेल (एक सिग्नल प्रकाशात बदलतो, दुसरा परत एसडीआयमध्ये), त्यांना आपापली वीज द्यावी लागते, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर ऐनवेळी एक्स्टेंशन बोर्ड शोधत फिराल. कन्व्हर्टर आणि केबल दोन्ही सिंगल मोडच आहे ना बघा. केबल आर्मर्ड, म्हणजे कडक कवचाची घ्या, वरून न्या, कारण ढोल-ताशा पथक तिच्यावर नाचणार हे गृहीतच धरा, आणि कोपऱ्यावर काटकोनात मुडपू नका. टोकाला धूळ बसली तरी सिग्नल पडतो, गुलालाचं तर बोलायलाच नको, म्हणून जोडेपर्यंत टोपी काढायची नाही. टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो.

कोणी म्हणेल मोबाइलवर लाइव्ह करा आणि तेच वॉलवर लावा, फुकटात काम. करू नका! ते काही सेकंद मागे येतं, मांडवात आरती संपली तरी चौकात टाळ्या चालू. फायबरच्या २५० मीटरला साधारण सव्वा मायक्रोसेकंद लागतो.