शिळ्या विनोदाला हसणं हे ढोंग आहे का?

प्रश्न : आमचे साहेब मीटिंगमध्ये तेच ते विनोद सांगतात. मनातून कंटाळा येतो, तरी सगळ्यांबरोबर मीही हसते. नंतर स्वतःचीच चीड येते. मी ढोंगी आहे का?

उत्तर : नाही हो, मुळीच नाही. तुमचं हसू त्या विनोदासाठी नसतंच, ते सांगणाऱ्याच्या वाट्याचं असतं. विनोद संपला की साहेबांची नजर बघा. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून ती भराभर फिरून येते. त्या क्षणी माणूस उघडा पडलेला असतो, मग तो कितीही मोठ्या खुर्चीत बसलेला असो.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चारचौघांत चाललेल्या गप्पांमधले हसण्याचे १२०० प्रसंग टिपले होते. हसण्याआधीचं बोलणं जरा तरी विनोदी होतं, असे प्रसंग जेमतेम १० ते २० टक्के निघाले. बाकी सगळं ‘बरं, भेटू मग’ अशा थाटाचं. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता! एकट्याने असताना आपण किती कमी हसतो, ते आठवून पाहा.

माझ्या वडिलांना उतारवयात कमी ऐकू येऊ लागलं. घरात गप्पा रंगल्या की ते प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि बाकीचे हसले की क्षणभर मागून हसायचे. विनोद त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसायचा. मी एकदा फटकन बोलून गेले, “बाबा, कळलं तरी का?” ते गप्प झाले. ते बोलणं मला अजून टोचतं. त्यांना आमच्यात असायचं होतं, एवढंच.

साहेबांपुढे हसण्यात थोडी भीतीही असते, हे खरं. ओठ हसतात, डोळ्यांच्या कडा तशाच राहतात. डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा आपल्या हुकमात नसतो, हे द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलंय. नोकरी सांभाळायची असते, त्याची लाज बाळगू नका.

एका ठिकाणी मात्र हसू आवरा. खोलीतल्याच कुणाच्या रंगावर, बोलण्यावर, अंगकाठीवर विनोद झाला, तर तो माणूसही तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघत असतो. त्याच्या नजरेला तुमचा एक तरी न हसणारा चेहरा दिसू दे.