कॅथलिक धर्मगुरू होण्याचं पाचारण (देवाचं बोलावणं) आपल्याला आहे की नाही, हे नुसत्या प्रार्थनेतून कळतं का?

नुसत्या प्रार्थनेतून नाही, पण प्रार्थनेशिवायही कळत नाही. बारा प्रेषित निवडण्याआधी येशूने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली, असं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (6:12-13) आहे. जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी तर याची रीतच घालून दिली: प्रार्थनेत मन कशाने उभारी धरतं, कशाने कोरडं पडतं, हे रोज तपासायचं. त्यांची एक ताकीद मला सगळ्यात कामाची वाटते: मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. (आकाशवाणीची वाट पाहू नका, ती बहुतेकांना होत नाही.) मात्र कॅथलिक चर्च फक्त तुमच्या आतल्या खात्रीवर दीक्षा देत नाही, सेमिनरीतलं (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतलं) प्रशिक्षण आणि बिशप किंवा धर्मसंघाच्या वरिष्ठांचा होकारही लागतो.