पहिल्यांदा क्रूझवर चालला त हे वाच भाऊ

आईबाबाले घेऊन मुंबईहून क्रूझवर जाऊन राह्यला त पहिले पोचायचं पाह्य, विदर्भ एक्स्प्रेसनं जहाज सुटते त्याच दिवशी सकाळी उतरू असा प्लॅन करू नको, गाडी लेट झाली त जहाज काही एसटीसारखं हात दाखवून थांबत नाही बाप्पा. एक दिवस आधी जा, सीएसएमटीहून बॅलार्ड पियर, म्हणजे जहाज सुटते तो धक्का, जवळच आहे.

कॅबिन घेताना सगळे बाल्कनीच्या मागं लागतात. माह्या मते आईले गाडी लागत असंन त खालच्या डेकची (मजल्याची), जहाजाच्या मधातली घे, तिथं हेलकावे सगळ्यात कमी. मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर नाही, आधीच घ्या लागते, आणि बाबाची बीपीची औषधं चालू असतीन त डाक्टरले विचारल्याशिवाय नाहीच. पोट रिकामं ठेवू नका, आल्याचा तुकडा चघळला तरी बरं वाटते. पावसाळ्यात त जाऊच नको, अरबी समुद्र खवळलेला राह्यते.

मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात न खोलीत उशिरा येतात, म्हणून औषधं, आधार कार्ड, चार्जर हातातल्या थैलीत ठेवजो. इस्त्री नेऊ नको, काढून घेतात. सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीम, कंपल्सरी आहे, कंटाळा करू नको. मोबाईल चढल्याबरोबर एरोप्लेन मोडवर, नाहीतर जहाजावरच्या सॅटेलाईट नेटवर्कचं बिल तूर विकून भरा लागंन! शाकाहारी जेवण भेटते पण आपली तर्री विसर, आणि घरचा ठेचा न्याचा असंन त बुकिंगवाल्याले आधीच विचारून घेजो, बरेच जण बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत.