आठ बाय चारच्या प्लायवर बोरघाट

प्रश्न : मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा) कर्जत–लोणावळा घाट करायचा आहे. जागा आठ बाय चार फुटांच्या एका प्लायपुरतीच आहे. आयसीएफचे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचे) डबे, दुहेरी मार्ग आणि घाटाचा चढ एवढं त्यात बसेल का? (ठाणे)

उत्तर : डबे कसेबसे धावतील, दुहेरी मार्ग ओढूनताणून बसेल, चढ मात्र बसणार नाही. प्लायला करवत लावण्याआधी कागदावर हिशेब मांडा.

आयसीएफ डब्याचा सांगाडा २१.३३७ मीटर लांब आणि ३.२४५ मीटर रुंद असतो. मॉडेलमध्ये हे २४५ आणि ३७ मिमी. गाडी विनातक्रार वळायला त्रिज्या डब्याच्या लांबीच्या अडीचपट हवी, म्हणजे ६१ सेंमी. तिप्पट असली तर नजरेलाही बरी वाटते. तुमच्या प्लायची निम्मी रुंदीच ६१ सेंमी. गाडी पडू नये म्हणून कडेला सात सोडले की उरले ५४. या वळणावर कपलिंग (दोन डबे जोडणारा आकडा) डब्याच्या सांगाड्याला नव्हे, बोगीच्या, म्हणजे डब्याखाली वळणाऱ्या चाकांच्या गाड्याच्या, चौकटीला जोडलेलं घ्या, नाहीतर एक डबा शेजारच्या डब्याला रुळाबाहेर ओढतो.

दुहेरी मार्गात रुळांचे मध्य ५० मिमीवर ठेवण्याची सवय सरळ भागात चालते. ५४च्या वळणावर बाहेरच्या डब्याचं पोट सुमारे ७ मिमी आत येतं, आतल्या डब्याची टोकं ८ मिमी बाहेर जातात. त्यात डब्याची रुंदी मिळवा : ५२ मिमी. म्हणजे दोन गाड्या समोरासमोर आल्या की घासणारच. वळणावर ६० मिमी ठेवा.

आता चढ. बोरघाटाचा खरा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. वरचा रूळ खालच्या रुळावरून न्यायचा, खाली विजेची तारही दाखवायची, तर ९० मिमी उंची लागते. ३७ने गुणा : ३.३ मीटर चढायला, तेवढेच उतरायला. ५४ सेंमी त्रिज्येची वळणं आणि मधले सरळ भाग धरून प्लायभरची एक फेरी भरते जेमतेम ५.८ मीटर. चढाच्या दोन्ही टोकांना उतार हळूहळू बदलायला लागणारी जागा तर यात धरलेलीच नाही. म्हणून आमचा आग्रह असा की रूळ सपाटच ठेवा आणि जमीन हलवा. रुळाखालचा प्लाय पट्टीसारखा कापा, बाजूची जमीन १०–१५ सेंमी खाली न्या, मागे डोंगर उभा करा, एक बोगदा आणि दरीवर एक पूल द्या. घाट डोळ्यांना दिसतो तो दरीमुळे.

एक गोष्ट आधीच स्वीकारा. आपल्या ब्रॉडगेजची १६७६ मिमी रुंदी या मापात १९.३ मिमी भरते, बाजारातला एचओ रूळ १६.५चा. अचूक गेज हवं तर रूळ हाताने घालावे लागतात. पहिल्याच मांडणीत त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) नेमके तेच दोन डबे घसरतात. सांधा बदलून पाहिला, फरक नाही. (नाशिक)

उत्तर : मग दोष सांध्यात नाही. त्या डब्यांची चाकं कॅलिपरने मोजा. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमी हवं. त्यात फरक असेल तर चाक सांध्यात अडकतं किंवा आपटतं. चाक आसावर हलकेच फिरवत सरकवा, पकडीने ओढलंत तर ते वाकडं बसतं.

माप बरोबर असेल तर डबा तोला. एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, हा नियम. २४५ मिमीच्या आयसीएफ डब्याला सुमारे १६५ ग्रॅम. कमी भरलं तर टायरवाल्याकडची चिकटणारी बॅलन्सिंग वजनं डब्याच्या तळालगत लावा. शिशाच्या गोळ्या फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने बसवू नका. कालांतराने शिसं फुगतं आणि डबा फाटतो. तिथे इपॉक्सीच वापरा.

प्रश्न : पावसाळ्यात इंजिन अडखळत चालतं. रूळ रोज पुसतो. (रत्नागिरी)

उत्तर : पुसता कशाने? सँडपेपर असेल तर आजच थांबवा, त्याच्या ओरखड्यांत मळ साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरेसं. इंजिनाची चाकंही पुसा. मग फिशप्लेटकडे (दोन रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्टीकडे) वळा. दमटपणात ती आतून काळवंडते आणि वीज पुढे जात नाही. तिच्यावर भिस्त न ठेवता प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र वायर जोडा. मुख्य वायर १.५ चौरस मिमी, तिच्यातून वर येणारी ०.५ची, लांबी १०–१५ सेंमी. डाग देताना रोझिनचाच (राळेचाच) फ्लक्स, म्हणजे डाग धरायला लावायचं मलम, घ्या, आम्लाचा फ्लक्स डाग दिलेला जोड खातो. लाकडी स्लीपर असतील तर ठीक, प्लास्टिकचे वितळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा.

प्रश्न : जुन्या इंजिनाच्या चौकटीला केसासारख्या भेगा दिसतात. कशाने चिकटवू? (मडगाव)

उत्तर : चौकटीच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली की असं होतं. धातू आतूनच फुगतो आणि ठिसूळ होतो, त्यावर इलाज नाही. मोटर, गिअर आणि चाकं चौकटीने चेपण्याआधी सोडवून ठेवा. चौकट बदलून मिळाली तर बसवता येतील. दुसऱ्या इंजिनांना याची लागण होत नाही, त्यामुळे बाकीचा संग्रह बिनघोर एकत्र ठेवा.